डासाच्या पोटातली खिंड

मागच्या अंकात हिवतापावर लिहिताना मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं : डास म्हणजे परजीवी टोचणारी उडती सुई नव्हे. बाकी लेख कुणी वाचला की नाही ठाऊक नाही, पण या एका वाक्यावर पत्रांचा ढीग आला. काही 'ताई, हे जरा उलगडून सांगा' म्हणणारी, आणि एक चक्क रागावलेलं. त्यांतली सात घेतली आहेत. विषय एकच असल्यामुळे एकाचं उत्तर दुसऱ्याच्या प्रश्नात घुसेल, तेवढं चालवून घ्या.

प्रश्न : मी शाळेत विज्ञान शिकवते. पुस्तकात एवढंच आहे की अ‍ॅनोफिलीस डासाची मादी हिवताप पसरवते. वर्गातल्या एका मुलाने विचारलं, 'बाई, आजारी माणसाला जी जी मादी चावेल ती प्रत्येक पसरवते का?' मी हो म्हणून मोकळी झाले. घरी आल्यावर मात्र माझीच मला खात्री वाटेना.

उत्तर : त्या मुलाला माझी शाबासकी सांगा आणि उद्या वर्गात उत्तर बदला. प्रत्येक तर नाहीच, पसरवणाऱ्या माद्या त्यांतल्या फार थोड्या.

माझ्या नोकरीची पहिली काही वर्षं डासांची पोटं काढण्यात गेली. काचेच्या छोट्या भांड्याच्या तळाला पातळ पडदा ताणून बांधायचा, भोवती सदतीस अंशांचं पाणी खेळतं ठेवायचं आणि आत परजीवी असलेलं रक्त ओतायचं. कागदी पेल्यात उपाशी ठेवलेल्या माद्या जाळीतून सोंड घालून ते पितात. मग आठवडाभर त्यांना कापसाच्या बोळ्यावर साखरपाणी द्यायचं. आठव्या दिवशी मादी काचपट्टीवर मिठाच्या पाण्याच्या थेंबात घ्यायची, एका सुईने छाती दाबून धरायची आणि दुसरीने शेपटाकडची शेवटची दोन वळी हळूच ओढायची. हात बसला असेल तर आतडं अखंड बाहेर येतं. त्यावर मर्क्युरोक्रोमचा थेंब टाकला की परजीवीच्या पुटी नाजूक गोल वर्तुळांसारख्या उठून दिसतात.

पहिल्याच खेपेला एका मादीच्या आतड्यावर मी चाळीसेक पुटी मोजल्या. पुढचीच्या एकही नाही. तिच्या पुढचीच्या तीन. रक्त एकाच भांड्यातलं, पेला एकच, पिण्याची वेळ एकच. मला वाटलं, माझाच हात चुकतोय. वरिष्ठांना दाखवलं तर ते म्हणाले, 'हात बरोबर आहे. असंच असतं. मोजत राहा.' असंच का असतं, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही, आणि पुढची सगळी वर्षं मी त्याच्याच मागे होते.

परजीवी पोटात गेल्यावर काय होतं ते बघा. रक्तासोबत त्याच्या नर-मादी पेशी शेकड्यांनी, कधी हजारांनी येतात. माणसाच्या अंगातली ऊब संपते, डासाच्या शरीरातलं झँथुरेनिक आम्ल लागतं (हा इशारा १९९८ साली उमगला), आणि दहा-पंधरा मिनिटांत एकेका नर पेशीतून आठ वळवळते धागे सुटतात. फलन होतं. दिवसभरात एक सरपटणारा जीव तयार होतो, त्याला ऊकिनेट म्हणतात. रक्ताच्या गोळ्यातून निघून आतड्याची भिंत भेदणं हे त्याचं काम. भिंतीपलीकडे जो जिवंत पोहोचेल त्याची पुटी होते, पुटीत हजारो स्पोरोझोईट (चाव्यातून माणसात शिरणारं परजीवीचं रूप) तयार होतात, आणि पुटी फुटली की ते लाळग्रंथीकडे निघतात.

मोकळ्या निसर्गात पकडलेल्या बाधित माद्यांच्या आतड्यावर पुटी बहुतेक वेळा हाताच्या बोटांवर मोजता येतात. म्हणजे निघाले हजार, पोहोचले दोन-तीन. परजीवीच्या सगळ्या आयुष्यातली सर्वांत अरुंद खिंड ही. शिवाय हा प्रवास दहा ते चौदा दिवसांचा, आणि डासाची मादी तेवढी जगतेच असं नाही. रोज शंभरातल्या दहा-वीस मरतात.

मुलांना सांगायला सोपी गोष्ट अशी : प्रत्येक डासिणीच्या पोटात एक खिंड असते, आणि खिंड अडवणारे शिपाई प्रत्येकीचे वेगळे असतात.

प्रश्न : डास तो डास. त्यात कसली आली विविधता? शास्त्रज्ञांना नवनवी नावं ठेवल्याशिवाय पगार मिळत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. – एक निवृत्त अभियंता

उत्तर : पगाराबद्दल आपण कधीतरी निवांत बोलू. डासाबद्दल बोलायचं तर 'डास तो डास' या समजुतीची किंमत रोनाल्ड रॉसने मोजली आहे. १८९५ पासून तो डासांची पोटं तपासत होता आणि हाती काही लागत नव्हतं, कारण डासच चुकीचे होते. ठिपकेदार पंखांचे निराळे डास मिळाले तेव्हा कुठे २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला त्याला त्यांच्या आतड्यावर काळ्या कणांच्या गोल पेशी, म्हणजे परजीवीच्या पुटी, दिसल्या. दोन वर्षं गेली ती डासाच्या जातीपायी.

पुढे युरोपात वेगळंच कोडं पडलं. काही प्रदेशांत अ‍ॅनोफिलीस भरपूर आणि हिवताप नाही. डास दिसायला तर हुबेहूब सारखे. १९२६ साली इटलीत फॅलेरोनी नावाच्या आरोग्य खात्यातल्या माणसाने त्यांच्या अंड्यांकडे नीट पाहिलं. अंड्यांवरची नक्षी वेगवेगळी निघाली. ज्याला एक डास समजत होते तो जुळ्या दिसणाऱ्या अनेक प्रजातींचा गोतावळा होता. त्यांतल्या काही माणसाला चावत, काहींना गुरंढोरंच प्रिय. आपण अभियंता आहात, म्हणून आपल्या भाषेत सांगते : बाहेरचं कवच एकच, आतली यंत्रं वेगळी.

असे गोतावळे जगभर आहेत. अ‍ॅनोफिलीस क्युलिसिफेसीस या नावाखाली पाच प्रजाती आहेत, आणि त्यांतली 'बी' हिवताप पसरवण्यात अगदीच कच्ची. आफ्रिकेतला अ‍ॅनोफिलीस गॅम्बिई हाही असाच गोतावळा. त्यातला क्वाड्रिअ‍ॅन्युलेटस माणसाच्या वाटेला फारसा जात नाही. इटलीच्या मारियो कोलुझी यांनी याच गोतावळ्यातल्या डासिणींच्या अंडाशयातल्या पेशींची गुणसूत्रं वाचण्यात हयात घालवली. गुणसूत्राचा एखादा तुकडा उलटा फिरून बसलेला असतो, आणि कोरड्या मुलखात उलट्या तुकड्याचे डास जास्त, ओलसर मुलखात सुलट्याचे जास्त, हे त्यांनी दाखवलं. २०१३ मध्ये एका प्रजातीला त्यांच्यावरून कोलुझी हे नाव मिळालं. हो, हेही नवं नावच. पण ते डासांनी आधीच वेगळं बिऱ्हाड केल्यावर दिलेलं आहे.

आणि हे झालं प्रजाती-प्रजातींमधलं. एकेका प्रजातीच्या आत काय आहे ते २०१७ साली कळलं. आफ्रिकेतल्या आठ देशांतल्या पंधरा ठिकाणचे गॅम्बिई आणि कोलुझी या दोन प्रजातींचे ७६५ डास घेऊन त्यांचा अख्खा जनुकसंच वाचला गेला. पाच कोटींहून जास्त जागी डीएनएच्या अक्षरांचा फरक सापडला. वाचता आलेल्या भागात सरासरी दर दोन-सव्वादोन अक्षरांमागे एक जागा बदलती! दोन माणसांच्या जनुकसंचात हजार अक्षरांमागे साधारण एक वेगळं असतं. या डासांत ते प्रमाण दसपटीच्या आसपास जातं.

यावरून माझी एक फजिती सांगते. आम्ही एक डासांची वसाहत वर्षानुवर्षं पिंजऱ्यात वाढवत होतो. पिढ्यान् पिढ्या त्याच चार भिंतींत, म्हणजे सगळे एकमेकांचे चुलत-मावस. प्रयोगांचे निकाल मोठे नेटके येत. मी त्यावर खूश होते. मग बाहेरून पकडून आणलेल्या माद्यांच्या लेकींवर तोच प्रयोग केला आणि सगळा नेटकेपणा विस्कटला. कुणाच्या आतड्यावर पुटीच पुटी, कुणाचं कोरं, आणि एका घराण्यातल्या लेकींच्या आतड्यावर वर्तुळांऐवजी काळे ठिपके. ते ठिपके म्हणजे डासाने मेलॅनिनमध्ये गुंडाळून मारलेले परजीवी. तोवर मी 'डासांत असं होतं' असं लिहीत आले होते. खरं तर मला एवढंच ठाऊक होतं की 'आमच्या पिंजऱ्यातल्या एका कुटुंबात असं होतं'.

प्रश्न : मी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काचपट्ट्या बघतो. फाल्सिपॅरम ही हिवतापाच्या परजीवीची जात मला सगळीकडची सारखीच दिसते. डासाच्या फरकामुळे परजीवीत खरंच फरक पडतो का? पुरावा काय?

उत्तर : काचपट्टीवर तो सारखाच दिसणार, कारण तुम्ही त्याला माणसात बघता. डासात पाहायला हवा.

ते काळे ठिपके लक्षात ठेवा. गॅम्बिईचा एक वाण १९८६ साली प्रसिद्ध झाला. प्रयोगशाळेत निवड करून वाढवलेला हा वाण अनेक प्रकारचे परजीवी असेच काळे करून मारतो. मारण्याच्या कामात पुढे असतं टेप-१ नावाचं प्रथिन. आपल्या रक्तातल्या पूरक प्रथिनांचं ते दूरचं नातेवाईक. ते ऊकिनेटला चिकटलं की त्याचा निकाल लागला. या प्रथिनाची जनुकं डासांत निरनिराळ्या आवृत्त्यांत मिळतात, काही कडक, काही ढिली. माझ्या त्या पहिल्या पेल्यातल्या चाळीस, शून्य आणि तीनचा थोडा उलगडा इथे होतो. सगळा होत नाही. कोण किती रक्त प्यालं, अळी असताना काय खाल्लं, आतड्यात कोणते जीवाणू आहेत, यानेही आकडे हलतात. झांबियातल्या डासांत सापडलेला एक जीवाणू परजीवीला आतड्यातच मारतो, हे २०११ साली दिसलं. तेव्हा सगळं जनुकांच्या माथी मारू नका.

आता परजीवीची बाजू. तोच कडक वाण घानातल्या एका फाल्सिपॅरमपुढे हतबल ठरतो आणि ब्राझीलमधल्याला मात्र काळा करतो. या दोघांचा संकर करून त्यांच्या संततीत शोध घेतला, तेव्हा २०१३ मध्ये परजीवीचं एक जनुक हाती लागलं, पीएफएस-४७. त्याचं प्रथिन ऊकिनेटच्या अंगावर असतं. ते डासाशी जुळलं तर आतड्याच्या पेशीला घुसखोरीची वर्दी देता येत नाही, आणि वर्दीच गेली नाही तर टेप-१ येणार कुठून? २०२० मध्ये डासाच्या आतड्यात ते प्रथिन जिथे बसतं ती जोडीची जागाही सापडली.

याहून मला भावलेला प्रयोग २०१५ चा आहे. पीएफएस-४७ ची रूपं खंडागणिक वेगळी आहेत. आफ्रिकेतला परजीवी आग्नेय आशियातल्या डायरस डासात किंवा अमेरिकेतल्या अल्बिमानस डासात नीट तग धरत नाही. संशोधकांनी आफ्रिकी परजीवीचं बाकी सगळं तसंच ठेवून फक्त हे एक जनुक त्या त्या खंडातलं बसवलं. तेवढ्याने तो तिथल्या डासात रुजू लागला. कुलूप डासाचं, किल्ली परजीवीची.

मग इतिहास डोळ्यांपुढे येतो. फाल्सिपॅरम मुळात आफ्रिकेतला, गोरिलांच्या परजीवीतून माणसात आलेला. गुलामांच्या जहाजांतून तो अमेरिकेत पोहोचला. माणसं तिथेही होती, माणसाचं रक्तही तेच. पण तिथले डास आफ्रिकेतल्या डासांपासून सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी फुटलेल्या शाखेचे. किती परजीवी त्या खिंडीत संपले असतील! ज्यांची किल्ली योगायोगाने थोडी वेगळी घडलेली होती ते निभावले, आणि आज तिथे त्यांचीच संतती आहे. ब्राझीलच्या परजीवीला आफ्रिकी डास का मारतो, याचं उत्तर इथे आहे. नव्या कुलपासाठी घासताना जुनं कुलूप सुटलं.

याच्या उलट घडतंय ते स्टिफेन्सी डासाचं. आशियातला हा डास २०१२ मध्ये जिबूतीत सापडला, मग इथिओपिया, सुदान, नायजेरिया. इथिओपियात तपासलं तर तिथले स्थानिक परजीवी त्याला सहज बाधतात. तो आणि गॅम्बिई तुलनेने जवळचे, एकाच उपगटातले. इथे परजीवीला नवं काही शिकावंच लागलं नाही.

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. औषधाला दाद न देणारे परजीवी तर औषध घेणाऱ्या माणसात निवडले जातात. मग उत्क्रांतीत डासाचं काम काय? मॅडम, माझी आमच्या सरांशी पैज लागली आहे.

उत्तर : पैज कशाची ते लिहिलं नाहीस, म्हणून कोण जिंकलं ते ठरवणार नाही. तुझं पहिलं वाक्य बरोबर आहे, पण अर्धं.

माणसात परजीवीच्या गुणसूत्रांचा एकच संच असतो, चौदा गुणसूत्रांचा, आणि तिथे तो स्वतःच्या नकला काढत बसतो. नर-मादीचं मिलन, अर्धसूत्री विभाजन, जनुकांची फेरजुळणी हे सगळं फक्त डासात, तेही रक्त प्यायल्यावर काही तासांत. फाल्सिपॅरमच्या दोन वाणांचा पहिला संकर १९८७ साली जाहीर झाला. तो करायला डासच वापरावे लागले, दुसरा मार्ग नव्हता.

आता कल्पना कर. प्रसार जोरात आहे अशा ठिकाणी एकाच माणसात परजीवीचे चार-पाच वाण नांदतात. मादी एका घोटात सगळे घेते आणि पोटात त्यांची सरमिसळ होते. औषधाला पुरून उरायला पाच जनुकं एकत्र लागत असतील, तर ती जुळणी इथे मोडू शकते. प्रसार कमी असलेल्या ठिकाणी माणसात एकच वाण असतो, तो स्वतःशीच मिलन करतो आणि जुळणी जशीच्या तशी पुढे जाते. औषधांना न जुमानणारे परजीवी आग्नेय आशियातून वारंवार का उठले, याच्या अनेक कारणांतलं हे एक मानलं जातं. आणि पोटात किती ऊकिनेट तगतात, त्यांतले कुणाचे, हे ठरवणारा कोण? तोच डास, त्याच्या जनुकांसह. कॅमेरूनमधल्या डासांवर २००५ साली झालेल्या कामाचा निष्कर्ष मला कायम आठवतो. 'हा डास बळकट, तो कमकुवत' अशी सरळ रांग लागत नाही. डासाचं एक घराणं परजीवीच्या एका वाणाला अडवतं आणि दुसऱ्याला वाट देतं, शेजारच्या घराण्यात त्याच्या उलट. त्यामुळे परजीवीच्या कुठल्याही एका वाणाला सगळीकडे मोकळं रान मिळत नाही.

सरांना दाखवायला एक भक्कम उदाहरण देते. अ‍ॅटोव्हाक्वोन हे औषध परजीवीच्या मायटोकाँड्रियावर, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाघरावर, घाव घालतं. त्याला न जुमानणारे परजीवी माणसात पटकन निपजतात, कारण सायटोक्रोम-बी जनुकात एक बदल पुरतो. पण २०१६ साली दिसलं की तो बदल झालेला परजीवी डासात वाढूच शकत नाही. माणसात त्याला साखर जाळून निभावता येतं. डासात मायटोकाँड्रिया धडधाकट लागतोच. माणसात जिंकलेला पठ्ठ्या खिंडीत गारद! आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर सर तुला पकडतील. कंबोडियातले आर्टेमिसिनिन या औषधाला दाद न देणारे परजीवी तिथल्या डायरस आणि मिनिमस डासांत वाढतात, आणि आफ्रिकेतल्या कोलुझीतही. म्हणजे खिंड प्रत्येक वेळी आपल्या बाजूने उभी राहते असं समजू नकोस.

प्रश्न : परजीवीला मारणारे डास निसर्गात आहेत म्हणता. मग लाखो वर्षांत सगळेच डास तसे का झाले नाहीत?

उत्तर : या ढिगातला हा मला सर्वांत आवडलेला प्रश्न, कारण तो मी स्वतः विचारायला दहा वर्षं लावली.

हिशोब करा. हिवतापाने गांजलेल्या भागातही लाळेत परजीवी असलेल्या माद्या शंभरात दोन-चार, आणि बऱ्याच ठिकाणी हजारात एखादी. बाकीच्या जन्मतात, चावतात, अंडी घालतात, मरतात. परजीवी त्यांना भेटतही नाही. भेटला तरी तो डासाला सहसा मारत नाही. मग त्याच्याविरुद्ध शस्त्र परजून ठेवणाऱ्या मादीला विशेष काय मिळालं? शस्त्र सांभाळायला खर्च येतो, आणि तो अंड्यांतून वजा होतो.

परजीवीचं तसं नाही. माणसाकडून माणसाकडे जायचं तर त्याला दरवेळी या खिंडीतून जावंच लागतं. एकदाही सुटका नाही. डासासाठी परजीवी म्हणजे वाटेत क्वचित भेटणारा उपद्रव. परजीवीसाठी डास म्हणजे टाळता न येणारी वाट. म्हणून डासाच्या विविधतेचा ठसा परजीवीवर खोल उमटतो आणि परजीवीचा डासावर पुसट. 'दोघांची चढाओढ' असं चित्र सगळीकडे रंगवतात, मीही भाषणांत रंगवलं आहे. आता मला ते खोटं वाटतं. चढाओढीला दोघांचाही जीव अडकलेला असावा लागतो.

पण मग टेप-१ च्या कडक आवृत्त्या आल्या कुठून? माली आणि बुर्किना फासोतल्या कोलुझी डासांत एक कडक आवृत्ती खूप पसरलेली आहे, शेजारीच राहणाऱ्या गॅम्बिईत ती जवळजवळ नाही. हिवताप तर दोघांनाही सारखाच भेटतो. संशोधकांचा रोख अळ्यांकडे आहे : दोघांच्या अळ्या वेगवेगळ्या पाण्यात वाढतात, आणि तिथले जंतू वेगळे. शस्त्र डबक्यातल्या शत्रूसाठी घडलं आणि वार मात्र आपल्या परजीवीवर झाला. टेप-१ नराच्या वृषणात निकामी शुक्रपेशी साफ करायलाही लागतं, हेही २०१५ मध्ये उघड झालं. म्हणजे या जनुकाला इतकी कामं, आणि हिवताप त्यांतलं शेवटचं.

प्रश्न : जनुकं बदललेले डास सोडून हिवताप संपवणार असं ऐकतो. विश्वास ठेवावा का?

उत्तर : प्रयोगशाळेतल्या कामावर ठेवा. २०१८ साली लंडनमध्ये डबलसेक्स हे जनुक कात्रीसारखं कापून तो बदल पिढीगणिक पसरवणारी पद्धत वापरून पिंजऱ्यातले डास एका पिंजऱ्यात सात आणि दुसऱ्यात अकरा पिढ्यांत संपले. हे जनुक का निवडलं ते महत्त्वाचं. आधीच्या एका प्रयत्नात डासांच्या त्या जागेवरच्या अक्षरांत बदल झाले आणि कात्रीला ती जागा ओळखूच येईना. पाच कोटी फरक असलेल्या प्राण्यात न बदलणारी जागा शोधायची म्हणजे गंमत नव्हे. डबलसेक्समधला तो तुकडा जवळजवळ सगळ्या डासांत सारखा आहे, कारण तो बिघडला तर मादी वांझ होते.

दुसरा पक्ष म्हणतो, डास मारू नका, त्याला परजीवीला अडवणारा करा. त्यांच्याशी बोलताना मी मागच्या उत्तरातला हिशोब पुढे ठेवते. आज खिंडीत शिपाई तऱ्हेतऱ्हेचे आहेत. उद्या तुम्ही सगळीकडे एकाच तऱ्हेचा शिपाई उभा केलात, तर प्रत्येक परजीवीसमोर एकच कुलूप असेल, आणि ज्याच्याकडे किल्ली निघेल त्याला सगळं रान मोकळं. ब्राझीलला हे एकदा होऊन गेलं आहे. करायचंच असेल तर एका डासात दोन-तीन निरनिराळी कुलपं एकदम बसवा, असं माझं मत. ते काम करणाऱ्या बऱ्याच जणांचंही तेच आहे.

प्रश्न : डासाला हिवताप झाला की त्यालापण थंडी वाजते का? – इयत्ता चौथी

उत्तर : नाही रे बाळा. आपल्याला थंडी वाजून ताप येतो तो परजीवी आपल्या तांबड्या पेशी फोडतो म्हणून. डासाला तांबड्या पेशीच नसतात, आणि त्याचं अंग हवेइतकंच गरम किंवा गार असतं. परजीवी त्याच्या आतड्याच्या बाहेरच्या बाजूला छोटे छोटे फुगे करून राहतो. प्रयोगशाळेत पाहिलं तर अशी मादी थोडी कमी अंडी घालते, एवढंच. बाकी ती उडते, साखरपाणी पिते, जाळीला उलटी लटकून बसते. तू विचारशील, मग आजारी डास ओळखायचा कसा? मी आयुष्यभर डास पाहिले, पण पेल्यात बसलेल्या चाळीस जणींतली कोणती बाधित आहे, हे मला नुसत्या डोळ्यांनी एकदाही ओळखता आलेलं नाही.